‘आधी व्हिसा आणा, मग पैसे देऊ’ हा ठराव मागे घ्या

प्रति,
अध्यक्ष व सर्व विश्वस्त,
आपल्या तालुक्याचा शिक्षण निधी

सप्रेम नमस्कार.

विश्वस्त मंडळातल्या बहुतेकांना मी आबा, नाना, काका म्हणतच मोठी झाले. त्यामुळे हे पत्र उघडपणे लिहायला मन धजत नव्हतं. दिवाळीला घरी आल्यावर दोनदा निधीच्या कार्यालयात जाऊन बसले. एकदा कुलूप होतं, एकदा अध्यक्ष बाहेरगावी गेले होते. लेखी अर्ज दिला, त्याची पोच मिळाली, उत्तर आलं नाही. माझी सुट्टी संपत आली आहे आणि ज्या मुलासाठी लिहिते आहे त्याच्याकडे माझ्याहून कमी वेळ आहे. म्हणून चार लोकांदेखत लिहिते. निधीत पडलेले पैसेही चार लोकांचेच आहेत. माझ्या आजोबांच्या वहीत केळीच्या प्रत्येक गाडीच्या हिशोबाखाली ‘शिक्षण निधी ५ रु.’ अशी ओळ आहे. ती वही अजून आमच्या माळ्यावर आहे.

दसऱ्यानंतरच्या सभेत आपण ठराव केला. परदेशी शिक्षणासाठी मदत हवी असेल तर विद्यार्थ्यानं आधी व्हिसा लागलेला पासपोर्ट दाखवावा, विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेत असावं, आणि जामीनदार पगारदार, शक्यतो सरकारी नोकरीतला असावा. त्याआधी असा लेखी नियम नव्हता. तरी जूनमध्ये या मुलाला हेच तोंडी सांगून परत पाठवलं होतं.

मुलगा शेजारच्या गावचा. वडील सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारे; आखाजीला, अक्षय तृतीयेला, हिशोब करून पुढचं साल धरणारे. पोरगा आधी डिप्लोमा, मग पदवी करून मेकॅनिकलचा इंजिनीअर झाला. जर्मनीतल्या एका सरकारी उच्च शिक्षण संस्थेत त्याला मास्टर्सला प्रवेश मिळाला होता. शिकवणीचं शुल्क शून्य. प्रवेशाचं पत्र, भारतीय पदवीची पडताळणी, इंग्रजीची परीक्षा, सगळं हातात. नव्हते ते एका खात्यात आगाऊ भरायचे पैसे. ऑक्टोबरमध्ये वर्ग सुरू झाले तेव्हा तो घरी होता. आज तो जळगावला एका दुकानात मोटार दुरुस्तीचं काम करतो.

मी स्वतः याच वाटेनं गेले आहे. २०२३ च्या सप्टेंबरात जर्मनीतल्या माग्देबुर्गला पोचले आणि दोन वर्षं तिथे राहून मास्टर्स केलं. तेव्हा आपल्या निधीनं मला ५० हजार रुपये दिले होते. ते उपकार मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. पण ते पैसे डिसेंबरात आले, तिथून बोनाफाईड पाठवल्यानंतर. माझी खरी अडचण जुलैमध्ये होती. त्या पाच महिन्यांत माझ्या घरावर काय गेलं ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

आधी त्या खात्याबद्दल सांगते, कारण ठराव करताना मंडळाला त्याची नीट माहिती दिली गेली नसावी असं मला वाटतं. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा मागताना एक वर्षाच्या राहण्याखाण्याची सोय आहे याचा पुरावा द्यावा लागतो. आपल्याकडची बहुतेक मुलं तो ‘ब्लॉक्ड अकाउंट’ काढून देतात. माझ्या वेळी त्यात ११,२०८ युरो भरावे लागत. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली आहे, म्हणजे आजच्या भावानं १२ लाखांच्या वर. खातं विद्यार्थ्याच्याच नावावर असतं, पण त्याला त्यातले पैसे एकदम काढता येत नाहीत. तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो सुटतात. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, व्हिसा नाकारला गेला तर नकाराचं पत्र दाखवून ही रक्कम परत मिळते. खातं उघडण्याचं आणि बँकेचं शुल्क तेवढं जातं.

आता आपला ठराव यापुढे ठेवून बघा. व्हिसाच्या अर्जालाच या खात्याचा दाखला जोडावा लागतो. खात्यात पैसे नाहीत तर दाखला नाही, दाखला नाही तर व्हिसा नाही. आणि आपण म्हणता, व्हिसा आणा मग पैसे देऊ. आबा, आपण सगळे शेतकरी आहोत. सोसायटी पीककर्ज पेरणीच्या आधी देते. जूनमध्ये पाऊस पडल्यावर आपण बियाणं-खत घेतो ते त्या पैशानं. उद्या सोसायटीनं सांगितलं की आधी शेतात उगवलेला कापूस दाखवा, मग बियाण्याचे पैसे देऊ, तर आपण काय म्हणू? हा मुलगा तेच म्हणतो आहे, फक्त त्याचं म्हणणं सभेत ऐकून घेतलं गेलं नाही.

सभेला हजर असलेल्या एका काकांनी मला कारण सांगितलं. ‘व्हिसा नाहीच मिळाला तर निधीचे पैसे बुडतील,’ अशी चर्चा झाली म्हणे. भीती खरी आहे. लोकांच्या पैशाची काळजी विश्वस्तांनी करायलाच हवी. पण वर सांगितलं तसं, व्हिसा नाकारला गेला तर या खात्यातले पैसे परत येतात. जिथे धोका सगळ्यांत कमी तिथेच आपण दार लावलं, आणि व्हिसा मिळाल्यावर, म्हणजे डोंगर चढून झाल्यावर, मदतीचा हात पुढे केला.

माझ्या घरी हा डोंगर कसा चढला ते सांगते. तिकीट, विमा, व्हिसा, पदवी पडताळणीचे १८ हजार आणि हे खातं मिळून आम्हाला १२ लाखांच्या आसपास उभे करायचे होते. पुण्यात वर्षभर नोकरी करून मी सव्वा लाख साठवले होते. वडिलांनी केळीच्या पैशातून देणी भागवून दीड लाख दिले. मामांनी मुदत ठेव मोडून दोन लाख दिले. आईनं पाटल्या आणि एकदाणी तारण ठेवून अडीच लाख आणले. एकदाणी तिच्या आईनं तिला दिलेली होती. दुकानातून परत येताना तिनं रिकामी डबी पदराखाली धरली होती, रस्त्यात कोणाला दिसू नये म्हणून.

उरले पाच लाख. ते वडिलांनी ओळखीतून शेकडा दोननं घेतले. महिन्याला १० हजार व्याज. खात्यात पैसे भरले जुलैत, पहिला हप्ता मला मिळाला नोव्हेंबरच्या मध्यावर. साडेचार महिने ते पैसे परदेशी बँकेत हात न लागता पडून होते आणि इकडे ४५ हजार व्याज चढलं. आपण मला दिलेले ५० हजार जवळजवळ सगळे त्या व्याजात गेले. हेच पाच लाख निधीनं जुलैत, कर्जाऊ का होईना, दिले असते तर आपल्याला एक पैसा जास्त लागला नसता.

बँकेकडे का गेला नाहीत, असं कोणी विचारेल. गेलो होतो, तीन ठिकाणी. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण मागू नये असं आहे. त्यावर मात्र मालमत्तेचं तारण लागतं. आमच्याकडे तापीकाठची चार एकर बागायत आहे. सातबारा कोरा होता. साहेब म्हणाले, शेतजमीन चालणार नाही. पुढे मला कारण कळलं. बँका ज्या २००२ च्या सरफेसी कायद्यानं थकबाकीदाराची मालमत्ता जप्त करतात, तो कायदा कलम ३१ प्रमाणे शेतजमिनीला लागू होत नाही. म्हणून बँकेला आमच्या चार एकरांपेक्षा शहरातला एखादा एनए प्लॉट जवळचा वाटतो. मग घर दाखवलं. घर गावठाणात, आजोबांनी बांधलेलं, कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ. तोही चालला नाही. साडेसात लाखांच्या आत बसवा म्हटलं तर परदेशी शिक्षणाला सगळेच साहेब कचरले. एकानं तर सहज म्हणावं तसं विचारलं, ‘मुलगी आहे, उद्या लग्न झाल्यावर हप्ते कोण भरणार?’ वडील माझ्या शेजारीच बसले होते. ते उठले, कागद गोळा केले आणि दारापर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

हा प्रश्न बँकेच्या साहेबानं विचारला म्हणून मला जितकं लागलं, त्याहून जास्त लागलं जेव्हा यंदा निधीच्या मुलाखतीत एका मुलीला हाच प्रश्न विचारल्याचं ऐकलं. तिनं मला फोन करून सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती, चिडलेलीही नव्हती. तिनं फक्त विचारलं, ‘ताई, अर्जात याचं उत्तर कुठल्या रकान्यात लिहायचं असतं?’ मंडळात एक ताई आहेत. त्यांनी तरी या प्रश्नाला हरकत घ्यायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

जामीनदाराच्या अटीबद्दल. आपल्या गावांत पगारदार किती आहेत? शिक्षक, ग्रामसेवक, एखादा एसटीतला, एखादा पोलिसातला. त्या चार-सहा माणसांच्या दारात आधीच दहा जण उभे असतात. सालदाराच्या मुलासाठी सरकारी नोकर सही करील, अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे त्याला न सांगता नाही म्हणणं. बँक जी अट घालून आम्हाला परत पाठवते तीच अट निधीनं घातली, तर निधी कशासाठी काढला होता?

आता क्रमवारी. पहिल्या दोनशेतलं विद्यापीठ हवं ही अट कागदावर चांगली दिसते. पण या क्रमवारीत संशोधन आणि नावलौकिकाला मोठं वजन असतं. जर्मनीत ‘उपयोजित विज्ञानाची’ म्हणून जी सरकारी विद्यापीठं आहेत, तिथे अभ्यासक्रमातच कारखान्यात काम करण्याचे महिने असतात आणि मुलांना नोकऱ्या लागतात; पण त्यांतली बहुतेक या यादीत येतच नाहीत. यादीच्या वरच्या टोकाला जी नावं आहेत त्यांत अमेरिका आणि इंग्लंडचा भरणा आहे, जिथे एका वर्षाचं शुल्कच आपल्याकडच्या चांगल्या घराच्या किमतीइतकं असतं. इंग्लंडला तर विद्यार्थ्याला व्हिसासोबत आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला ७७६ पौंड वेगळे मोजावे लागतात. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणीचं शुल्कच नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत, तेही इंग्लंडपुढे थोडे. म्हणजे आपल्या अटीनं स्वस्तातली वाट बंद झाली आणि महागडी उघडी राहिली. महागड्या वाटेनं जाणाऱ्याला आपल्या लाख-दोन लाखांची गरज फारशी नसते. ज्याला आहे तो या अटीत बसत नाही.

सरकारी योजना आहेत, त्यांचा लाभ घ्या, असंही सभेत म्हटलं गेलं. घ्यायलाच हवा, आणि मी प्रत्येक मुलाला आधी तेच सांगते. पण अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या जागा अख्ख्या महाराष्ट्रासाठी वर्षाला ७५ आहेत. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीच्या सगळ्या देशासाठी १२५. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून आपल्या वाट्याला त्यातल्या किती येणार? जे त्यात बसले नाहीत पण ज्यांच्या हातात प्रवेश आहे, त्यांच्यासाठीच तर वडीलधाऱ्यांनी गाडीमागे पाच-पाच रुपये काढले.

वेळेवर पैसे न मिळाल्यानं काय होतं याचं सर्वांत मोठं उदाहरण आपण दरवर्षी १४ एप्रिलला ज्यांच्या फोटोला हार घालतो त्यांचंच आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कला गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. पुन्हा जायला १९२० उजाडलं. मुंबईत प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपये उसने, एवढ्या बळावर ते गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. तीन वर्षं गेली ती पैशांपायी. या मुलाचं एक सेमिस्टर तर गेलंच आहे.

तिथे कमी पैशात राहता येतं का, हा प्रश्न मला गावात सगळे विचारतात. येतं. माझ्याकडे हिशोबाची वही आहे, आणि ती मी निधीच्या कार्यालयात कोणालाही बघायला देईन. फेब्रुवारी २०२४ चा महिना सांगते. विद्यार्थी वसतिगृहात तिघींच्या घरातली माझी खोली २६५ युरो. आरोग्य विमा १२२. तिथे प्रत्येक घराला रेडिओ-टीव्हीचं शुल्क द्यावं लागतं, महिना १८ युरो ३६ सेंट. तिघींत वाटून माझ्या वाट्याला ६ युरो १२ सेंट. फोन ८. किराणा ११०. विद्यापीठाच्या खानावळीत जेवण ४०. सेमिस्टर शुल्कासाठी बाजूला काढलेले ३५. त्यात शहरातल्या ट्राम-बसचा पास येतो. इतर २०. एकूण ६०६. खात्यातून सुटत होते ९३४. सव्वातीनशे युरो शिल्लक राहत. मोठ्या शहरात हे जमणार नाही. म्युनिकला गेलेल्या माझ्या मैत्रिणीची नुसती खोली माझ्या अख्ख्या महिन्याच्या खर्चाएवढी होती. म्हणून मुलांना मी सांगते, नाव बघू नका, आधी शहर बघा आणि वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या पत्राच्या दुसऱ्या दिवशी टाका.

पण त्या फेब्रुवारीच्या आधी एक ऑक्टोबर होता. त्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. पोचल्यावर खात्यातले पैसे लगेच सुटत नाहीत. आधी राहत्या पत्त्याची नगरपालिकेत नोंद करावी लागते, मग तिथल्या बँकेत खातं उघडायचं, मग कागद पाठवायचे, मग पैसे. नोंदीची तारीख मला तीन आठवड्यांनंतरची मिळाली. तोवर खोलीची अनामत आणि पहिलं भाडं रोख भरलं होतं. घरून नेलेल्या ७०० युरोंतले माझ्याकडे १२० उरले होते. त्यात मी चार आठवडे काढले. आईनं दिलेलं कळण्याचं पीठ पाच किलो होतं, आणि काळा मसाला. सामायिक स्वयंपाकघरातल्या सपाट विजेच्या शेगडीवर, कोणाच्या तरी जुन्या फ्राईंग पॅनमध्ये मी भाकरी टाकायची. ती फुगायची नाही, मधेच तडकायची. तुर्की दुकानातून आणलेली लाल मसुराची डाळ आणि ती तडकलेली भाकरी, दोन्ही वेळेला. आई फोनवर विचारायची, ‘तठे खावाले काय भेटस?’ मी म्हणायची, सगळं भेटतं माय. विद्यापीठाच्या मागच्या अंगणात मुलं प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या टाकून जायची. त्या दुकानातल्या यंत्रात परत केल्या की बाटलीमागे २५ सेंट अनामत परत मिळते. एका रविवारी सकाळी लवकर उठून मी अकरा बाटल्या गोळा केल्या. दुकानं रविवारी बंद असतात, म्हणून त्या सोमवारपर्यंत खोलीत पलंगाखाली लपवून ठेवल्या. सोमवारी पावणेतीन युरो मिळाले. तांदूळ आणि कांदे आणले. मेहनतीची लाज मला कधी वाटली नाही, पण त्या दिवशी घरी फोन केला नाही.

हे मी कोणाला कणव यावी म्हणून लिहीत नाही. पोचल्यानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांसाठी वेगळे एक हजार युरो हातात असते, तर मी पहिल्या महिन्यात अभ्यास केला असता. पहिल्या सेमिस्टरचा एक पेपर माझा राहिला, तो याच महिन्यामुळे राहिला.

दुसरी खिंड वर्षाअखेरीस येते. राहण्याचा परवाना वाढवताना पुढच्या काळाची सोय पुन्हा दाखवावी लागते. मी एप्रिल २०२४ पासून आधी एका गोदामात, मग प्रयोगशाळेत काम करत होते. तिथे किमान मजुरी तेव्हा तासाला १२ युरो ४१ सेंट होती. विद्यार्थ्याला वर्षात किती दिवस काम करता येईल यावर बंधन आहे. मार्च २०२४ पासून ते १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस झालं. महिन्याला पाचशे युरोच्या आसपास यायचे. ते घरी पाठवून शेकडा दोनचं कर्ज उतरवायचं की परवान्यासाठी खात्यात ठेवायचं? मी ठेवले. तिकडे दाखवण्यासाठी पैसे पडून राहिले आणि इकडे वडील आणखी चार महिने व्याज भरत राहिले. आईच्या पाटल्या मार्च २०२५ मध्ये सुटल्या. एकदाणी अजून सुटायची आहे, येत्या जानेवारीत सोडवणार.

मंडळी, आपल्याकडे लोकांनी एकमेकांच्या भरवशावर आगाऊ पैसा लावल्याचा इतिहास काही कमी नाही. १९४५ साली अमळनेरला वनस्पती तेलाची कंपनी निघाली. गावातल्या लोकांनी तिचे शेअर घेतले आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. तीच आजची विप्रो. कंपनीला पैसे सुरुवातीला हवे होते, तेव्हा दिले गेले. मुलांच्या बाबतीतही आपण तेवढंच करायचं आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

व्हिसाची अट काढा. सरकारी मान्यता असलेल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र आणि पदवीच्या पडताळणीचं प्रमाणपत्र पाहून मंजुरीचं पत्र द्या, आणि रक्कम विद्यार्थ्याच्या हातात न देता थेट ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरा. व्हिसा नाकारला गेला तर परत आलेली रक्कम निधीत जमा करीन, असा करारनामा विद्यार्थी आणि पालक दोघांकडून स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या. ही मदत देणगी म्हणून नको, बिनव्याजी कर्ज म्हणून द्या. नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी हप्ते सुरू करा. एकाचे परत आलेले पैसे पुढच्याला जातील.

क्रमवारीची अट रद्द करा. त्याऐवजी शुल्क किती, शहरात राहण्याचा खर्च किती, वसतिगृहाचा अर्ज केला का, हे विचारा. हे प्रश्न विचारायला मी मुलाखतीला बसायला तयार आहे, फोनवरून का होईना.

पगारदार जामीनदाराऐवजी दोन शेतकऱ्यांची आणि एका माजी लाभार्थ्याची सही चालवा. परदेशात शिकून आलेले किंवा तिथेच असलेले आपल्या तालुक्यातले सात जण माझ्या ओळखीचे आहेत. पाच जणांनी सहीला होकार दिला आहे. सालदाराच्या या मुलासाठी माजी लाभार्थी म्हणून माझी सही मी या पत्रासोबतच देते.

पोचल्यानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांसाठी एक हजार युरोपर्यंत वेगळी उचल द्या. पहिला हप्ता सुटला की दोन महिन्यांत परत घ्या. या उचलीसाठी मी माझ्याकडून एक लाख रुपये निधीत भरते. त्यातले ५० हजार आपण मला दिलेले, ते परत. उरलेले आजोबांच्या नावे.

अर्जाची मुदत आखाजीपर्यंत ठेवा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात निर्णय कळवा. जुलै-ऑगस्टमध्ये व्हिसासाठी मुंबईला जावं लागतं. जळगावहून रात्रीची गाडी पकडायची तर कागद आठवडाभर आधी हातात हवेत. सप्टेंबरात दिलेली मंजुरी कोणाच्याच कामाची नाही.

लग्नाबद्दलचा प्रश्न मुलाखतीत मुलींना विचारू नका, आणि मुलांनाही विचारू नका. यंदा ज्या मुलीला तो विचारला गेला तिला मंडळातल्या कोणीतरी घरी जाऊन दोन शब्द सांगावेत.

आणि दरवर्षी निधीत किती आले, कोणाला किती गेले, किती परत आले, हे ग्रामपंचायतींच्या फलकांवर लावा. लोक पुन्हा वर्गणी देतील. माझे वडील पहिले देतील, त्यांनी तसं सांगितलं आहे.

त्या मुलाच्या अभ्यासक्रमाला उन्हाळी सेमिस्टरलाही प्रवेश आहे. अर्जाची शेवटची तारीख १५ जानेवारी. तो अर्ज त्यानं माझ्यासमोर बसून भरला आहे, पाठवायचा बाकी आहे. निधी पाठीशी उभा राहणार का हे कळल्याशिवाय पाठवायला तो तयार नाही. पुन्हा प्रवेश मिळून पुन्हा घरी बसणं त्याच्या वडिलांना झेपणार नाही, असं तो म्हणाला. डिसेंबरच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा ठराव फेरविचारासाठी घ्यावा. मी तेव्हा इथे नसेन. माझे वडील सभेला येतील, हिशोबाची वही आणि आजोबांची वही दोन्ही घेऊन येतील.

आपली लेक,
निधीची एक माजी लाभार्थी
तापीकाठ, जिल्हा जळगाव